जास्तीचे शंभर वॅट

१

बेदाण्याची शीतखोली बांधून झाली की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी मी तिच्यात शंभराचा बल्ब लावतो आणि दार बंद करतो. गारवा विकणारा माणूस खोली तापवून बघतो, याचं लोकांना हसू येतं. पण हिशेब अगदी सोपा आहे. जी खोली ऊब धरून ठेवते तीच गारवाही धरून ठेवते. बल्ब लावायचा, दोन-अडीच तास दुसरं काम उरकायचं आणि मग बाहेरच्या भिंतीवरच्या तबकडीचा काटा बघायचा; तो आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक दाखवतो. खोली बाहेरपेक्षा किती अंश वर गेली यावरून भिंती किती गळतात ते कळतं. या कामात मी बरीच वर्षं घालवली आहेत आणि काट्याने मला कधी फसवलेलं नाही.

माझी शेड कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. दोन्ही बाजूंना ओतकामाचे कारखाने. ९८ च्या दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ राजस पुण्याची नोकरी सोडून सांगलीला परत आला. ‘सोडून’ हा त्याचा शब्द. त्यांनी त्याला काढलं होतं हे मला आणि माझ्या बायकोला, उमाला, माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं, त्यामुळे तो विषय आम्ही कधी काढला नाही. आईवडील गेल्यापासून उमानेच त्याला वाढवला, बारावीला असल्यापासून. वहिनीपेक्षा आईच जास्त.

येताना तो एक कॉम्प्युटर आणि एक कल्पना घेऊन आला. साच्यात ओतलेलं लोखंड कुठे आधी थिजेल, कुठे पोकळी राहील, याचं गणित तो कॉम्प्युटरवर करून कारखान्यांना देणार होता. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की एका साच्याचं गणित करायला ते यंत्र दीड-दोन दिवस घ्यायचं आणि कारखानदारांना धीर नसतो. मग राजसने प्रोसेसरचा वेग वाढवला. कंपनीने तीनशे मेगाहर्ट्झवर चालवायला दिलेला तुकडा तो साडेचारशेवर पळवायला लागला.

ओतकामाच्या वाळूची धूळ आमच्या शेडमध्ये पिठासारखी बसते. तिच्यापासून यंत्र वाचवायला मी शेडच्या कोपऱ्यात त्याला एक खोली करून दिली. करून दिली म्हणजे काय, उरलेली थर्माकोलची पॅनेल उभी केली, वर झाकण टाकलं आणि एका जुन्या शीतखोलीचं दार बसवलं. दाराला डोळ्यांच्या उंचीवर तळहाताएवढी काच होती. शिंप्याने भावाला सदरा शिवून द्यावा, तसं मी माझ्या भावाला जे येतं ते करून दिलं.

“उन्हाळ्यात याला एसी लागेल,” मी म्हणालो. “तुझ्या त्या चिपची उष्णता किती?”

“कंपनीचा आकडा अठरा वॅट. पण तो मूळ वेगाचा.” राजस माझ्यासमोर डबा उपडा टाकून बसला. “वेग दीडपट केला की उष्णता दीडपट. सत्तावीस. पण त्या वेगाला ती चिप अडखळते, म्हणून मी व्होल्टेज दोनचं दोन पॉइंट दोन केलंय. आणि व्होल्टेजचा वर्ग होतो, दादा. म्हणजे आणखी एकवीस टक्के.”

“तेहतीस वॅट.”

“नखाएवढ्या तुकड्यातून. डाग द्यायच्या कावियापेक्षा जास्त.”

बाकीच्या भागांची उष्णता धरून आम्ही शंभराचा आकडा पक्का केला. कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवायचा, यंत्र आत एकटंच गणित करत राहणार. शंभर वॅट, म्हणजे माझा एक बल्ब.

“आणि मी आत बसलो की?” त्याने विचारलं.

“माणूसही शंभरच धरतात. स्वस्थ बसलेला. हमाल असला तर दुपटीच्या वर.”

“मग मी धरून दोन बल्ब,” राजस हसला. त्या दिवसांत तो पुन्हा हसायला लागला होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

२

थंडीत आमचा धंदा झोपलेला असतो, म्हणून मी निवांतपणे चाचणी घेतली. आधी बल्ब. काटा बाहेरपेक्षा चार अंश वर जाऊन थांबला. उरलेल्या मालाची खोली असूनही काम बरं झालं होतं. दुसऱ्या दिवशी बल्ब काढला, राजसने यंत्रावर एक गणित लावून दिलं, पडदा बंद केला आणि आम्ही दार लावून घेतलं. तो कारखान्यात नकाशे आणायला गेला.

दुपारी काटा आठ अंश वर होता.

मी तबकडीवर टिचकी मारली. बाहेरचा थर्मामीटर बदलून बघितला. आठ. शंभराला चार, तर आठाला दोनशे. आमचा अंदाज निम्म्याने चुकला होता. मला हसूच आलं. दोन शिकलेले भाऊ, आणि एका कॉम्प्युटरचे वॅट काढता येत नाहीत.

तेवढ्यात धोंडिराम आला. विट्याकडचा हा माणूस माझ्याकडे पॅनेल जोडायच्या कामावर होता. जीभ सैल, हात पक्का. आत विसरलेला टेप आणायला तो नुकताच दार उघडून खोलीत जाऊन आला होता.

“मालक, धाकलं मालक कवा आलं व्हतं आत?”

“आला नाही. का?”

“खुर्ची गरम हाय म्हून म्हनलं. आत्ता कुनी उठून गेल्यागत.”

“यंत्राची हवा लागत असेल.”

“यंत्र त्या तिकडं, खुर्ची ह्या अंगाला.” त्याने हाताने दाखवलं आणि मग माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून विषय सोडला. “आसंल बा. तुमास्नी ठावं.”

खुर्ची लोखंडी होती, वर रेक्झिनची गादी. मी आत जाऊन हात लावला. गादी मधोमध कोमट होती, कडेला गार. मी यंत्रामागून येणाऱ्या हवेचा झोत हाताने शोधला. तो खुर्चीपर्यंत पोचत नव्हता. बाहेर येऊन दार लावलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

३

मी भुताखेतांचा माणूस नाही. देवपूजाही उमाच करते. पण एक गोष्ट मी मनापासून मानतो, की जेवढी वीज आत जाते तेवढीच ऊब होते. एक वॅट कमी नाही, एक जास्त नाही. त्यामुळे काटा आठ दाखवत असेल तर यंत्र दोनशे खात असणार, आणि ते मीटरवर दिसायला हवं.

त्या खोलीला मी वेगळा मीटर जोडला. आधी नुसत्या बल्बवर, मग नुसत्या यंत्रावर. मीटरची चकती दोन्ही वेळा त्याच चालीने फिरली. यंत्र शंभरच खात होतं. आमचा तो तेहतीसचा हिशेबही बरोबर होता. मग उरलेली ऊब कुठून येत होती?

पत्र्यावरचं ऊन म्हणावं तर ती खोली शेडच्या सावलीतल्या कोपऱ्यात होती. शेजारच्या भट्टीची झळ म्हणावी तर भट्टी बंद असलेल्या दिवशीही आठच. मी वायरची भोकं बुजवली, दाराचं रबर बदललं, तबकडी खोलून नवी बसवली. माझ्या हातून काहीतरी राहून जातंय असंच मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तसं वाटावं अशी इच्छा होती.

“माणूस शंभर धरतात ना?” राजस एकदा सहज म्हणाला. “मग आत एक माणूस आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत होता. कारखान्याचं पहिलं मोठं काम त्याने वेळेत पुरं केलं होतं आणि स्वारी खुशीत होती. मी त्याच्या हातात चहाचा कप दिला, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. पाण्याच्या माठाला हात लागावा तशी ती गार होती.

घरी मी हे उमाजवळ बोललो. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तुमच्या आत्ता लक्षात आलं?” ती म्हणाली. “महिना झाला. त्याचे शर्ट धुवायला घेते तर घामाचा वास नाही. पाणी कढत काढून देते, तो चटका लागल्यासारखा करत नाही. परवा मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.”

“मग?”

“ताप नव्हता,” उमा म्हणाली. तिने ताट बाजूला सरकवलं.

४

आमच्या भागाची वीज आठवड्यातून एक दिवस बंद असते. त्या दिवशी वसाहतीत चिटपाखरू नसतं. भोंगा नाही, हातोडे नाहीत, मोटारसायकली नाहीत. मी मुद्दाम त्या दिवशी शेडवर गेलो. यंत्र आदल्या दुपारपासून बंद ठेवलं होतं. खोलीत विजेचा एक थेंबही नव्हता. आत आणि बाहेर सारखंच तापमान असायला हवं होतं.

काटा चार अंश वर होता.

मी दार उघडून आत गेलो आणि ऊब जाऊ नये म्हणून सवयीने मागे ओढून घेतलं. काचेतून थोडा उजेड येत होता. टेबल, बंद पडदा, झाकण काढलेलं यंत्र आणि खुर्ची. खुर्ची टेबलाकडे तोंड करून, थोडी मागे सरकवलेली, बसलेल्याच्या गुडघ्यांना जागा राहील इतकी. थर्माकोलच्या खोलीत आवाज मरतो. स्वतःचा श्वास तेवढा कानाशी येतो. तो ऐकत मी उभा राहिलो.

मग मी श्वास रोखून धरला. आवाज थांबला नाही.

हळू, एकसारखा, खुर्चीच्या बाजूने. वायरच्या भोकातून वारा येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती भोकं मीच बुजवली होती. कानात रक्त वाजतंय, असंही सांगितलं. पण माझं काळीज तेव्हा जोरजोरात उडत होतं आणि तो श्वास शांत होता, कामात बुडालेल्या माणसाचा असतो तसा. राजस लहानपणी अभ्यासाला बसला की असाच नाकाने जरा जोरात श्वास घ्यायचा. मी त्याला त्यावरून चिडवायचो.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. मला भीती वाटली हे मी कबूल करतो. आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे, तो आवाज मला ओळखीचा वाटला होता.

५

त्यानंतर मी जी चाचणी घेतली ती घ्यायला नको होती. पण काट्यावाचून मला दुसरं काही विचारता येत नाही.

रविवार होता. उमाला मी शेडवर घेऊन आलो. राजसही होता. यंत्र बंद, दिवा बंद, काटा चार अंशांवर. आधी मी आत जाऊन बसलो, खुर्चीवर नाही, जमिनीवर पोतं टाकून. तासाभरानंतर काटा वर चढत गेला आणि आठाजवळ थांबला, असं उमाने बाहेरून सांगितलं. बरोबर होतं. माणूस शंभर. मग उमा विणकाम घेऊन आत बसली. पुन्हा आठ. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“काय झालं?”

“काही नाही. आत कुणी तरी असल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “वाईट नाही वाटत. उलट बोलावंसं वाटतं. तेच मला आवडलं नाही.”

मग राजस आत गेला. तो मात्र सरळ खुर्चीवर बसला. मी तबकडीसमोर स्टूल टाकलं. खोली आधी थोडी निवू दिली होती, काटा चारावर आला होता. मी वाट बघत राहिलो. उमाने घरून आणलेला डबा उघडला, आम्ही दोघांनी तो न खाताच बंद केला. भोवती ऊन चढलं, बाहेरचा थर्मामीटर वर गेला, त्याबरोबर आतलाही. पण दोघांमधला फरक चारच राहिला. माझा भाऊ आत बसला होता आणि खोलीला त्याचा पत्ता नव्हता.

तो बाहेर आला. “किती?”

“आठ,” मी म्हणालो.

“खोटं बोललास की तू चष्मा पुसतोस, दादा.”

मी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. उमाने पदर तोंडाला लावला होता. राजस तिच्याजवळ गेला, पण तिला हात लावायचं त्याने टाळलं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “वेग वाढवला तेव्हापासून आहे हे. बाहेर फिरत असलो की वाटतं, मी काहीतरी मागे ठेवून आलोय. जेवताना, झोपताना. आत जाऊन बसलं की बरं वाटतं. आत बसलं की मी सगळा असतो.”

“आणि बाहेर?” उमाने विचारलं.

त्याने थोडा विचार केला. “बाहेर कमी असतो,” तो म्हणाला. “रोज थोडा कमी.”

६

माणूस हातपाय मारतो, तसे आम्हीही मारले. मिरजेला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी राजसच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, बघितला, झटकला, पुन्हा ठेवला. मग दुसरा मागवला. शेवटी हल्ली थर्मामीटरही खात्रीचे मिळत नाहीत असं म्हणून त्यांनी रक्तवाढीचं औषध लिहून दिलं. उमा म्हसवडला सिद्धनाथाला जाऊन आली. मी राजसला यंत्र मूळ वेगावर आणायला लावलं, व्होल्टेजही उतरवायला लावलं. काटा हलला नाही. मग मी ते यंत्रच उचललं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. राजसने एका शब्दाने मला अडवलं नाही, आणि तेच मला लागलं. खोलीत फक्त टेबल आणि खुर्ची उरली. तरी काटा चारावर.

होळी झाली, ऊन तापायला लागलं, सांगलीत लोक सावली शोधायला लागले, आणि राजस स्वेटर घालून अंगणात उन्हात बसायचा. त्याचं बोलणं कमी झालं. स्वतःनेच काढलेला नकाशा हातात घेऊन त्याने एकदा मला विचारलं, हे काय आहे. दुसऱ्या दिवशी उमाला त्याने ‘बाई’ म्हणून हाक मारली. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला एकच हवं होतं, माझा भाऊ परत हवा होता. तो तिथे, त्या खोलीत आहे, याबद्दल तोवर माझ्या मनात शंका उरली नव्हती. जे समोर वावरत होतं त्यात तो दिवसेंदिवस उरत नव्हता.

मग मला माझीच विद्या आठवली. गार वस्तू उबदार खोलीत ठेवली की दोन्ही हळूहळू एकसारख्या होतात. घाई करायची नाही आणि मध्ये दार उघडायचं नाही. जी ऊब त्याच्यातून निघून खोलीत गेली ती खोलीतून त्याच्यात परत जाऊ शकते. निदान मी तसं ठरवलं. दुसरं काही हातात नव्हतं.

“पुरेसा वेळ आत बस,” मी त्याला सांगितलं. “काटा शून्यावर आला की मी दार उघडतो.”

“शून्यावर आला की?” त्याने विचारलं. तो माझं ऐकत होता की नुसता शब्द परत म्हणत होता, मला कळलं नाही.

७

एप्रिलची दुपार होती. बाहेर चाळीस, आत चव्वेचाळीस. धोंडिरामला मी सुटी दिली होती. राजस खुर्चीवर बसला, दाराकडे पाठ करून. मी दार लावलं, खटका अडकवला आणि तबकडीसमोर उभा राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग काटा खाली सरकायला लागला. चाराचे साडेतीन झाले, साडेतीनाचे तीन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमतंय. राजस, जमतंय रे. मी मोठ्याने म्हणालोही असेन.

तेव्हा मला ती काच दिसली.

तिच्यावर आतून वाफ धरली होती. छोटा, गोल डाग. तो विरला आणि पुन्हा धरला. विरला आणि धरला. माणूस काचेला तोंड लावून श्वास घेतो, तेव्हा धरतो तसा. आणि राजस पलीकडच्या भिंतीशी खुर्चीवर पाठमोरा बसला होता. मला त्याची मान दिसत होती, स्वेटरची कड दिसत होती. त्याचे खांदे श्वासाबरोबर हलत नव्हते.

काटा अडीचवर आला. डाग धरायची चाल वाढली. आता तो शांत श्वास राहिला नव्हता. धावल्यावर लागतो तसा, अर्धवट, एकावर एक. जसजसा काटा उतरत होता तसतशी ती धाप वाढत होती. मग खुर्चीवरचा राजस उठला. तो वळला आणि दाराकडे यायला लागला, सावकाश, हात खाली सोडून. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. पाहुण्याला पंगतीत जागा दिसावी आणि त्याने तिकडे चालू लागावं, एवढंच त्याच्या चालण्यात होतं.

काचेवरच्या वाफेत एक स्वच्छ ठसा उमटला. कपाळ टेकल्याचा. आणि दारापलीकडून, अगदी जवळून, मला हाक आली.

“दादा.”

चालत येणाऱ्याचे ओठ मिटलेले होते.

ऊब असो की गारवा, जिथे धरून ठेवलाय तिथलं दार उघडायचं नसतं. उघडायचंच तर दोनदा विचार करायचा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्ली देताना सांगतो. मी एकदाही केला नाही. माझा भाऊ आतून हाक मारत होता आणि त्याच्यामागून काहीतरी येत होतं. मी खटका ओढला आणि दार सताड उघडलं.

ऊब माझ्या अंगावर आली. क्षणभर ती माझ्या गालाशी थांबली, कुणी कानात काही सांगायला वाकतं इतक्या जवळ. राजसच्या केसांच्या तेलाचा वास आला. मी हात पुढे केला. मग ती मला ओलांडून शेडमध्ये गेली.

शेडमध्ये चाळीस अंश होते. वर तापलेला पत्रा, बाहेर वसाहतीतल्या साऱ्या भट्ट्या पेटलेल्या. मी दोन्ही हात पसरून तिथे फिरलो, कोपऱ्यात, यंत्रांमागे, दाराशी. सगळीकडे हवा गरमच होती. डिसेंबर असता तर ती कुठे गेली हे मला हाताने तरी कळलं असतं. मी त्याला हाका मारल्या. पत्रा तापून तडतडत होता, तेवढाच आवाज आला.

परत आलो तेव्हा काटा शून्यावर होता. खुर्चीवरून उठून आलेला तो दारात उभा होता. त्याने स्वेटर काढून हातावर घेतला होता.

“दादा,” तो म्हणाला, “भूक लागली.”

८

मी त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. दुसरं काय करणार होतो? उमाने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने पान वाढलं.

याला आता वर्ष होत आलं. ती खोली मी पाडली नाही. तिचं दार उघडं ठेवलेलं असतं, कधी परत यावंसं वाटलं तर. रोज सकाळी मी तबकडी बघतो. फरक नसतो. धोंडिराम काम सोडून गेला. जाताना म्हणाला, “मालक, तुमचा राग न्हाई. पर त्येच्या बाजूला हुबं ऱ्हायलं की पाठ गार पडती.” मी त्याला थांबवलं नाही.

घरात आहे तो शहाण्यासारखा वागतो. शेडवर माझ्याबरोबर येतो, सांगितलेलं काम चोख करतो, कधी उलट बोलत नाही. शेजारचे म्हणतात, राजस फार सुधारला. माझा भाऊ आळशी होता, तोंडाळ होता, सकाळी हाका मारून मारून उठवावा लागायचा. त्याची मला इतकी आठवण येते की घास उतरत नाही.

जेवायला तो माझ्यासमोर बसतो. उमा ताटात कढत वरण वाढते. तो ताटावर वाकतो, ओठ पुढे काढतो आणि फुंकर घालतो, कारण आम्ही तसं करतो हे त्याने बघितलं आहे. वरणाची वाफ सरळ वर जात राहते. ती जराही हलत नाही. उमा खाली मान घालते. मी भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, “राजस, आणखी घे.” दुसरं कुठलं नाव त्याला द्यावं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.